फ्लॉरेन्सचा वाडा, डोंबिवली पूर्व

आजवर किती राजवाडे बांधले, असं कुणी विचारलं की मी सांगतो, मोजले नाहीत. पण एकाच्याही मागच्या दाराने आत जाता येणार नाही. मागे दारच नसतं. मागे असतात बांबू, सुतळी, आधाराला रचलेल्या वाळूच्या गोण्या आणि वर्तमानपत्र पसरून डबा खात बसलेली माझी माणसं. गणपती आणि नवरात्रातले देखावे उभारण्यात माझं सगळं आयुष्य गेलं. डोंबिवलीशेजारी कोपरला रुळांच्या कडेला माझी शेड होती. तिच्यात मी महाल, किल्ले, देवळं, गुहा, एकदा तर चंद्रसुद्धा तयार केला.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी पट्ट्यांची चौकट करायची, तिच्यावर मांजरपाट ताणून बसवायचं, त्यावर सरसाचा हात द्यायचा आणि मग रंग. उठाव हवा तिथे पूर्वी थर्माकोल कापायचो. त्याच्यावर बंदी आल्यावर कागदाचा लगदा आला. लगदा वाळायला वेळ घेतो आणि भाद्रपदात तो काही केल्या वाळत नाही, म्हणून शेडमध्ये मोठाले पंखे लावून आम्ही राजवाडे वाळत घालायचो. एवढा खटाटोप करून उभं केलेलं काम दहा दिवस जगतं आणि एका दुपारी मोडतं. नव्या कारागिराला पहिल्या वर्षी मोडताना रडू येतं. दुसऱ्या वर्षी तोच सगळ्यात पुढे हातोडा घेऊन असतो.

गिऱ्हाईकं तर विचारू नका. कल्याणच्या एका मंडळाला दक्षिणेतलं देऊळ हवं होतं, पण मागे बर्फाचे डोंगर हवे होते, कारण अध्यक्षांच्या सौभाग्यवतींना बर्फ आवडायचा. मी दिलं करून. बर्फ कापसाचा होता. तिसऱ्या दिवशी त्यात मांजरीने पिल्लं घातली आणि दर्शनाची रांग दुप्पट झाली. वागळे इस्टेटमधल्या एका कारखानदाराला मयूर सिंहासन हवं होतं, पण मोर त्याच्याच कारखान्यातल्या नटबोल्टांचा. तो मोर एवढा जड झाला की चौथरा खचला आणि आरतीला उभा राहिलेला मॅनेजर मोरासकट खाली गेला. सुदैवाने दोघांनाही फार लागलं नाही.

पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला आठवला तो एकच वाडा. तो डोंबिवली पूर्वेला एका अरुंद गल्लीत उभा होता.

त्या गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष होता राजू, मेडिकलचं दुकान चालवणारा, चाळिशीतला उत्साही गडी. शेडमध्ये येऊन म्हणाला, "काका, यावर्षी एकदम इटालियन पायजे. बाजूच्या गल्लीवाल्यांनी गेल्या वर्षी राजस्थानी महाल केलेला ना, लाईन पार मेन रोडपर्यंत गेलेली. आमच्याकडे कुत्रं नव्हतं आलेलं."

"इटालियन म्हणजे काय पण?"

"ते आमच्या बिल्डिंगमधले लिमये सर सांगतील. कॉलेजात हेच शिकवायचे ते, जुन्या बिल्डिंगी. तुम्ही फक्त भेटा."

मी भेटलो. लिमये सर दुसऱ्या मजल्यावर राहत. मुंबईच्या एका कॉलेजात त्यांनी वास्तुकलेचा इतिहास शिकवला होता. घरात पुस्तकं सोडून दुसरं फर्निचर म्हणजे एक टेबल आणि चार खुर्च्या, त्यातल्या दोन खुर्च्यांवरही पुस्तकंच. मी म्हटलं, "सर, मंडळाला राजवाडा हवाय."

"राजवाडा म्हणू नका, पाटकर," सर म्हणाले. "त्यात राजा नव्हता राहत. सावकार राहायचे. फ्लॉरेन्स हे पेढीवाल्यांचं गाव. रेनेसान्स म्हणजे नवं जग उजाडायची वेळ, गावात पैसा वाहतोय, आणि एक घराणं सगळ्यांत श्रीमंत. त्यांना भर रस्त्यावर घर बांधायचंय. आता सांगा, कसं बांधतील?"

"झगमगीत," मी म्हटलं.

"चूक. पहिल्या वास्तुकाराने तसंच दाखवलं, असं सांगतात, आणि मालकाने नको म्हटलं. लोकांच्या डोळ्यांवर येईल म्हणाला. म्हणून रस्त्याच्या बाजूने नुसता दगड. तळमजल्याचे दगड इतके ओबडधोबड, की किल्लाच वाटावा. मधल्या मजल्याचे दगड घडीव, फक्त सांधे खोल. वरच्या मजल्यावर एकदम गुळगुळीत. जसजशी नजर वर जाते तसतशी भिंत शहाणी होत जाते. आणि आत शिरलात की चौक. चारी बाजूंनी कमानी, वर आभाळ. म्हणजे आपला वाडाच की हो! बाहेरून तोंड मिटलेलं, आतून हसरं."

बोलताना सरांचे डोळे माझ्याकडे नव्हते, थोडे कडेला होते. मला वाटलं, शिक्षकी सवय, शेवटच्या बाकाकडे बघून बोलायची. मग त्यांनी कागद ओढला आणि वाडा काढून दाखवायला लागले. रेघ सुरेख होती, हात जराही कापत नव्हता. पण वरच्या कॉर्निसची, म्हणजे छपराखाली बाहेर आलेल्या दगडी पट्टीची रेघ भिंतीच्या टोकाला जुळली नाही. ती पुढे कागदाच्या बाहेर टेबलावर गेली. सरांना ते कळलं नाही.

काकू मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "साखरेने डोळे खाल्ले त्यांचे. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं, तेही कमी होत चाललंय. जन्मभर ते घर मुलांना शिकवलं, पण जाणं नाही झालं हो. एकदा सासूबाई आजारी पडल्या, एकदा तिकिटं काढली आणि यांचंच ऑपरेशन निघालं. आता विमानात बसून जाऊन करायचं काय? तुम्ही ते करताय कळल्यापासून रोज विचारतात, पाटकर कधी येणार. जेवढं जमेल तेवढं नीट करा. आणि जरा लवकर."

मी जिना उतरलो तेव्हा मंडळ, रांग, बाजूची गल्ली सगळं डोक्यातून गेलं होतं. या माणसाचे डोळे पुरते विझायच्या आत ते घर त्याच्यासमोर उभं करायचं, एवढंच राहिलं. खरं सांगतो, इतक्या वर्षांत एखादं काम कुणासाठी करतोय हे मला पहिल्यांदाच कळलं होतं.

मग मी दर दोन-तीन दिवसांनी सरांकडे जायला लागलो. काकूंचा चहा आणि सरांचा तास, दोन्ही कडक. खालच्या कोपऱ्यात पूर्वी उघड्या कमानी होत्या, त्या पुढे बुजवून तिथे खिडक्या बसवल्या, आणि त्या खिडक्यांखाली दुमडलेल्या पायांसारखे दिसणारे लांबट दगडी टेकू, म्हणजे ब्रॅकेट आहेत; म्हणून त्यांना गुडघे टेकलेल्या खिडक्या म्हणतात, हे सरांकडून कळलं. घोडे बांधायच्या लोखंडी कड्या कळल्या. भिंतीच्या पायथ्याशी रस्त्याच्या बाजूने सलग दगडी बाक आहे, हेही. "तो बाक मालकासाठी नाही," सर म्हणाले. "कामासाठी थांबलेल्यांना, दमलेल्यांना, रिकामटेकड्यांना. एवढा मोठा सावकार, पण घराला कट्टा ठेवलान." मी म्हटलं, डोंबिवलीत हा बाक सगळ्यात आधी भरेल.

एका गोष्टीवर मात्र सर माझ्यावर खूश झाले. आमच्या धंद्यात मंडप उंच दिसायला हवा असेल तर वरचे मजले लहान लहान करत नेतात. खालून बघणाऱ्याला वाटतं, केवढं उंच आहे. मी हे जरा ओशाळतच सांगितलं, कारण ही आमची लबाडी. सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "अहो, त्यांनीही तेच केलंय! मजले वर कमी कमीच होत जातात!" त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की आपल्या धंद्याला फार जुनं घराणं आहे. तिने विचारलं, भाजी आणलीत का?

राजूला आतल्या चौकाचे खांब सोनेरी हवे होते. सर म्हणाले, सोनेरी केलेत तर मी खाली उतरणार नाही. शेवटी सोनं गणपतीच्या मागच्या पडद्यावर गेलं आणि दोघंही आपण जिंकलो असं समजले.

दगडांचं काम बबनचं. बबन कोपर गावातला, आगरी, माझ्याकडे सुरुवातीपासून. त्याच्या हातासारखं फिनिशिंग ठाण्यापासून कर्जतपर्यंत कुणाचं नव्हतं. बोट फिरवलं तर अडकायला नको, हा त्याचा धर्म. त्याला मी ओबडधोबड दगड करायला सांगितले तेव्हा त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी भाकरी जाळायला सांगतोय. तरी केले. गोणपाट लगद्यात बुडवून, मुठीने दाबून, एकासारखा दुसरा नाही असे दगड. मी रोज त्यांच्यावरून हात फिरवायचो आणि सरांचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचो.

गणपती यायच्या आदल्या दिवशी सकाळी वाडा गल्लीत उभा होता. फक्त कॉर्निस चढवायची बाकी होती, ती भिंतीशेजारी जमिनीवर ठेवली होती. सोनेरी पडद्याचं कापड कमी पडलं म्हणून मी कल्याणला गेलो आणि येताना पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो. दुपारी परत येऊन बघतो तर तळमजल्याची भिंत लग्नाच्या हॉलसारखी गुळगुळीत. बबनने आणि त्याच्या दोन माणसांनी सगळ्या खाचांत लांबी भरली होती. लांबी म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी. वर पॉलिश पेपर मारून, रंगाचा हात देऊन, बबन कमरेवर हात ठेवून उभा होता. कौतुकाची वाट बघत.

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बबनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शेट, उद्या देव येनार. देवाच्या म्होरं असा अर्धवट काम ठेवाचा? मानसा काय बोलतील, बबनला फिनिशिंग येत नाय? मना झोप नाय आली."

आमच्याकडे देव यायच्या आधी घरातली मोडकी खुर्चीसुद्धा आत ढकलतात. त्याने भक्तीनेच माझा गळा कापला होता. राजूला तर भिंत फारच आवडली. "काका, आत्ता कसं शायनिंग मारतंय!"

आणि नेमके तेव्हाच लिमये सर काकूंच्या कोपराला धरून खाली आले. गर्दी व्हायच्या आत बघून घ्यावं म्हणून. इस्त्रीचा सदरा घातला होता. वाड्यासमोर उभे राहिले, मान जरा तिरकी केली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. सर म्हणाले, "वा पाटकर, वा. कॉर्निस काय छान बसलीय!"

कॉर्निस त्यांच्या पायाशी पडलेली होती.

काकूंनी तोंड फिरवलं. राजू मोबाइलमध्ये बघायला लागला. मला इतकं वाईट माझा बाप गेला तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं. म्हणजे आम्हाला उशीर झाला होता, आणि ते सरांनी आम्हाला कळू दिलं नव्हतं.

सर पुढे झाले आणि त्यांनी भिंतीला हात लावला. हात थोडा डावीकडे नेला, थोडा उजवीकडे. मग हळूच म्हणाले, "तिसरा मजला खाली आणलात का हो?"

मी तोंड उघडायच्या आत बबन पुढे आला. "माजा काम हाय सर. मीच सपाट केला. तो तुमचा दगड... कसा असतो तो नक्की?"

सरांनी त्याचा हात धरला, बोटं मिटून मूठ केली आणि वळलेल्या बोटांच्या पेरांवरून आपला अंगठा फिरवला. "असा. प्रत्येक दगड मूठ वळून उभा असतो."

"उद्या सकाली या," बबन म्हणाला. "देव यायच्या आधी."

त्याने छिन्नी काढली. स्वतःचं इतकं देखणं काम फोडताना मी कुणाला बघितलेलं नाही. लांबी खरवडून काढायची, खालचं गोणपाट उचकायचं, नवा लगदा मुठीने दाबायचा. संपूर्ण भिंत होणं शक्यच नव्हतं. म्हणून त्याने सरांचा हात जिथून जिथपर्यंत पोचेल तेवढाच पट्टा घेतला, बाकाच्या वरपासून खांद्यापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेडमधले पंखे आणून लावले. राजू म्हणाला, "काका, खाली मारामारी झाल्यासारखं दिसतंय." मी म्हटलं, दिसू दे.

सकाळी सर आले. एक हात काकूंच्या हातात, दुसरा भिंतीवर. लगदा अजून ओलसर होता. पहिल्या दगडावर त्यांची बोटं थांबली, मग दुसऱ्यावर, आणि मग सर चालायला लागले आणि बोलायलाही लागले. "हा सांधा बघा किती खोल. याच्यात दुपारची सावली बसते. आता कडी यायला हवी... आली." समोर वर्ग भरला आहे अशा आवाजात. खिडकीपाशी त्यांनी हात खाली नेला, ब्रॅकेट सापडलं, आणि ते ओरडलेच, "गुडघे आहेत! सुधा, गुडघे केलेत यांनी!"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गणपतीचा टेम्पो आला, ढोल सुरू झाले. मुहूर्त चालला होता. राजू धावत गेला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "थांबा रे! वाजवू नका. सरांचं होऊ दे आधी!"

आणि देव टेम्पोत थांबला. सर शेवटच्या दगडापर्यंत गेले. शेवटी त्यांच्या बोटांना करडा लगदा लागला होता. तो त्यांनी रुमालाने पुसला नाही.

ते दहाही दिवस सर संध्याकाळी त्या बाकावर बसायचे आणि रांगेतल्या पोराटोरांना फ्लॉरेन्स सांगायचे. रांग मेन रोडपर्यंत गेली की नाही ते मला आठवत नाही. विसर्जनानंतर आम्ही वाडा मोडला, नेहमीसारखा. बबनने मात्र त्या दिवशी हातोडा घेतला नाही. तो बांबू सोडवत बसला.

आता माझी शेड नाही. मंडळांना भिंतभर चालत्या चित्रांचे पडदे हवे असतात, बटण दाबलं की महाल आणि बटण दाबलं की हिमालय. चांगलं आहे, पावसात वाळवायला नको. पण त्या महालाला हात लावला तर काच लागते.

मुलगी जर्मनीत नोकरी करते. गेल्या उन्हाळ्यात तिने आम्हा दोघांना तिकडे बोलावलं आणि विचारलं, बाबा, काय बघायचंय? मी म्हटलं, एकच घर. ती आम्हाला फ्लॉरेन्सला घेऊन गेली. एका वळणावर तो वाडा अचानक समोर आला आणि माझे पायच थांबले. खिडक्या ओळखीच्या, गुडघे ओळखीचे, वर कॉर्निस, आणि ती खरोखरच वर बसलेली. बाकावर माणसं आइस्क्रीम खात बसली होती. मी मुलीला म्हटलं, सरांना फोन लाव. डोंबिवलीत संध्याकाळ झाली होती. सरांना आता उजेड-अंधारही कळत नाही.

"सर, मी वाड्यासमोर उभा आहे."

सर म्हणाले, "हात लावा, पाटकर. काय लागतंय ते सांगा."

बाकावर एक जागा झाली तिथे मी गुडघा टेकला आणि भिंतीला हात लावला. खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण त्या माणसाला मी खोटं कसं सांगू?

"सर, वर खडबडीत आहे. पण बाकाच्या मागे, माणसांच्या पाठी आणि हात लागतात तिथे... झिजलाय हो. गुळगुळीत झालाय."

सर हसायला लागले. इतके हसले की पलीकडे काकू विचारत होत्या, अहो, काय झालं, काय झालं. "जन्मभर शिकवलं, पण हे एकाही पुस्तकात नव्हतं हो," ते म्हणाले. "बबनला फोन करा. आत्ताच्या आत्ता करा."

मी केला. बबन कोपरला अंगणात बसला होता, मागे कोंबड्यांचा आवाज. मी त्याला सगळं सांगितलं. मग त्याने विचारलं, "किती वर्सा लागली त्यांना, गुलगुलीत कराला?"

"पाचशे तरी असतील."

"हां," बबन म्हणाला. "मी एका दिसान केलता."